भाताची वाटी आणि इतवारीतला खून

माझी दोन पुस्तकं आहेत. एकात नागपुरी-वऱ्हाडी ताटातलं काय, किती आणि कशाबरोबर खावं ते सांगितलंय. दुसऱ्यात नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका धान्य व्यापाऱ्याचा खून होतो. दोन्हींवर नाव एकच, माझं. त्यामुळे कार्यक्रमात ओळख करून देणारा माणूस हमखास अडखळतो. ‘आहारतज्ज्ञ आणि...’ असं म्हणून हातातल्या कागदाकडे बघतो, मग समोर बघतो, आणि मग एक विनोद करतो. तो दर वेळी तोच असतो: यांच्याकडे जेवायला जाणार असाल तर जरा जपून. मीही दर वेळी हसते.

हे दोन्ही एकाच डोक्यात कसं मावतं, असं विचारणाऱ्यांना मी खरं ते सांगते, पण त्यांना ती नम्रता वाटते. दवाखान्यात बसून लोकांना ‘काल काय खाल्लं?’ हे विचारत आले नसते, तर रहस्यकथा लिहिणं मला जमलंच नसतं. दुसरं पुस्तक पहिल्याच्या पोटातून निघालंय.

आधी पहिल्याबद्दल. त्याची सुरुवात झेरॉक्सच्या कागदांनी झाली. धरमपेठेत डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथल्या आतल्या खोलीत मी बसते. सुरुवातीला पेशंटला द्यायला आमच्याकडे छापील आहारतक्ते होते. त्यात सकाळी ओट्स, दुपारी उकडलेली ब्रोकोली, रात्री सूप. समोर बसलेली बाई उमरेडहून पहाटेच्या एसटीनं आलेली. ती तो कागद नीट घडी करून पर्समध्ये ठेवायची आणि उठताना विचारायची, ‘मॅडम, मंग भात बंद का?’ कागदावर भाताचं नावच नव्हतं, म्हणजे तो बंदच, असा तिचा सरळ अर्थ. घरी जाऊन चार दिवस ती भात सोडायची, पाचव्या दिवशी भात आणि कागद दोन्ही जिथल्या तिथे.

नागपूरची गंमत अशी की इथं दोन ताटं एकमेकांना भेटतात. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा सगळा धानाचा मुलूख. तिकडून आलेल्या माणसाला दोन्ही वेळेला भात हवा, नाहीतर जेवल्यासारखं वाटत नाही. पश्चिमेकडून, अमरावती-अकोला-यवतमाळच्या बाजूनं आलेल्याला ज्वारीची भाकर हवी. शहरात चार वर्षं काढली की दोघांनाही सकाळचा तर्री-पोहा आणि रविवारचं झणझणीत सावजी जेवण लागतं. अशा गावात एकच तक्ता सगळ्यांना वाटणं म्हणजे कागद फुकट घालवणं. म्हणून मी हातानं लिहायला लागले. वडाभात खायचा असेल तर वरची फोडणी किती, पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्यावरची तर्री (तेलाचा तवंग) काढून ठेवली तर काय वाचतं, जवसाची चटणी रोज चमचाभर का चालते, रोडग्यांच्या दिवशी रात्री काय करायचं. डॉक्टरांच्या कंपाउंडरनं त्या कागदांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या. त्या इतक्या फिरल्या की एकदा एका पेशंटनं मलाच माझा कागद दाखवून विचारलं, ‘हे खरं आहे का हो?’

त्यातलाच एक कागद एका प्रकाशकांच्या हाती पडला आणि त्यांनी पुस्तक मागितलं.

पुस्तक म्हटल्यावर आकडे आले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते नव्यानं काढले, त्यात ५२८ पदार्थांचं पृथक्करण आहे. आमच्या धंद्यात ते हाताशी लागतातच. पण ते बहुतेक आकडे कच्च्या जिनसांचे. कच्च्या तूरडाळीत शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, हे वाचून माणूस खूश होतो. कच्ची डाळ कोण खातो? आमच्याकडच्या एक वाटी पातळ वरणात पंचवीस-तीस ग्रॅम डाळ असते, म्हणजे पाच-सहा ग्रॅम प्रथिनं. साठ किलोच्या माणसाला, किलोमागे ०.८३ ग्रॅम या हिशेबानं, दिवसाला पन्नासेक ग्रॅम लागतात. ‘आम्ही रोज वरण खातो’ या वाक्यावर किती घरं निर्धास्त आहेत, ते मला तेव्हा कळलं. म्हणून मी ओळखीच्या घरांतल्या वाट्या मागवून पाणी भरून मोजल्या. कुठली शंभर मिलीची, कुठली अडीचशेची. शेवटी पुस्तकात पहिलंच प्रकरण वाटीवर आहे: तुमच्या घरची वाटी आधी मोजा, मग पान उलटा. काही परिचितांना ते फार नीरस वाटलं. मला अजूनही ते पुस्तकातलं सगळ्यात कामाचं प्रकरण वाटतं.

संत्र्याबद्दल लिहिताना मात्र वेळ गेला. नागपुरात संत्र्याला नाही म्हणणं म्हणजे घरच्या माणसाला नाही म्हणणं. आंबिया बहार दिवाळीच्या आसपास येतो, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि दोन्ही वेळा दवाखान्यात पिशव्या येतात. मधुमेह असलेल्यानं रस काढून पिण्यापेक्षा अख्खं फळ सोलून खावं, हे सोपं होतं. पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यानं संत्र्यातल्या पोटॅशियमकडे लक्ष ठेवायला हवं, हे त्याच पानावर चौकटीत देणं भाग होतं. एकाच फळाबद्दल एका ओळीत ‘खा’ आणि दुसऱ्या ओळीत ‘डॉक्टरांना विचारा’. प्रकाशकांना ही चौकट खुपत होती. वाचक गोंधळेल म्हणाले. मी म्हटलं, गोंधळू दे, पण तो मूत्रपिंडाचा पेशंट असेल तर त्यानं गोंधळलंच पाहिजे.

खरी रस्सीखेच झाली मुखपृष्ठावर. त्यांना ‘मधुमेह पळवा’ असं काहीतरी हवं होतं. औषधांच्या जाहिरातीत मधुमेह बरा करण्याचे दावे करायला बंदी घालणारा कायदा १९५४पासून आहे, असं मी सांगितलं. तो औषधांना, पुस्तकांना नाही, असं ते म्हणाले. त्यांचं बरोबरही असेल. पण आमच्या डॉक्टरांच्या दारात बसून मी हे पुस्तक विकणार आणि आत आल्यावर पेशंटला सांगणार की गोळ्या चालू ठेवा, हे कसं जमायचं? वजन उतरल्यावर काहींची साखर गोळ्यांशिवाय ताब्यात राहते, हे खरं आहे. सगळ्यांची राहत नाही, हेही तितकंच खरं आहे, आणि मुखपृष्ठावर एवढी जागा नसते. शेवटी नावात मधुमेह आलाच नाही, ताट आलं. पहिली आवृत्ती हळूहळू खपली. दुसरं नाव असतं तर लवकर खपली असती, याबद्दल मला शंका नाही.

आता दुसऱ्याकडे वळते, म्हणजे त्या खोलीतल्या प्रश्नांकडे.

आमच्या कामात डाएट रिकॉल म्हणून एक पद्धत असते. माणसाला गेल्या चोवीस तासांत काय काय तोंडात गेलं ते आठवायला लावायचं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं तिचे पाच टप्पे पाडलेत आणि ते मला पाठ आहेत. पहिल्या टप्प्यात माणूस आठवेल तसं सांगतो, आपण मधे बोलायचं नाही. दुसऱ्यात हमखास विसरणाऱ्या गोष्टींची आठवण द्यायची: चहा, बिस्कीट, प्रसाद, लोणचं, सुपारी. तिसऱ्यात वेळ आणि निमित्त. चौथ्यात प्रमाण आणि बनवायची पद्धत. पाचव्यात पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवायचं आणि काही राहिलं का विचारायचं. कागदावर हे फारच शिस्तीचं दिसतं. खोलीत ते असं होतं:

‘मी तं काहीच खात नाही नं मॅडम. सकाळी दोन पोळ्या, संध्याकाळी एक.’

‘चहा?’

‘चहा तं लागतेच.’

‘किती वेळा?’

‘दोनदाच. कोणी आलं तर मंग त्याच्यासंगं घोटभर.’

‘काल कोण कोण आलं होतं?’

इथं बाई थांबतात. मग नणंद निघते, नणंदेनं आणलेली संत्रा बर्फी निघते, शेजारच्या पोट्टीचा वाढदिवस निघतो. काल कोण आलं होतं, हा प्रश्न त्या पाच टप्प्यांत नाही. तो मला नागपूरनं शिकवला. इथं घरी आलेला माणूस काही न खाता परत जात नाही, आणि त्याला एकट्यानं खाऊ देणंही बरं दिसत नाही.

लोक खोटं बोलतात का? फार थोडे. बहुतेक विसरतात, आणि विसरण्यालाही एक रीत असते. उभ्यानं खाल्लेलं विसरतं. मुलाच्या ताटात उरलेलं संपवलं ते विसरतं. स्वयंपाक करताना चाखलेलं कधीच मोजलं जात नाही. गाडीत बसून खाल्लेलं घरी पोचेपर्यंत पुसलं जातं. आणि ज्याची लाज वाटते ते विसरलं जात नाही, फक्त उशिरा सांगितलं जातं, बहुतेक वेळा उठताना, चप्पल घालता घालता. माझ्या वहीत शेवटच्या ओळीत, वेगळ्या शाईत लिहिलेल्या नोंदी सगळ्यात कामाच्या असतात.

त्यात नवरा-बायको एकत्र आले की दोन जबान्या होतात. तो म्हणतो, भाजीला तेल जास्त. ती म्हणते, तेल तं आमच्याकडे लागतच नाही. मी भांडण सोडवायच्या फंदात पडत नाही. तेलाचा पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो, एवढंच विचारते. चार माणसं, एक डबा, तीस दिवस: माणशी दिवसाला चाळीस मिलीच्या वर. बसून काम करणाऱ्याला स्वयंपाकात वरून घातलेलं वीस-तीस ग्रॅम तेल पुरे. डब्याचा हिशेब निघाला की दोघंही गप्प होतात, आणि मग पहिल्यांदा खरं बोलणं सुरू होतं: शेव घरीच तळतो, पापड रोज, आणि तळलेलं उरलेलं तेल भाजीला.

अशी कितीतरी वर्षं ऐकत बसल्यावर एका उन्हाळ्यात, ज्या दुपारी नागपुरात कुत्रंही रस्त्यावर नसतं आणि पेशंट येत नाहीत, मी वहीच्या मागच्या पानावर एक गोष्ट लिहायला लागले. एक मेस चालवणारी काकू असते. तिला कोण जेवला, किती जेवला, कोणी भाजी टाकली, कोणी दुसऱ्यांदा वरण मागितलं हे सगळं लक्षात असतं. तिच्याकडे जेवणारा एक जण पोलिसांना सांगतो, मी त्या रात्री जेवलोच नाही. काकूला माहीत असतं की तो जेवला होता, कारण तिनं त्याच्यासाठी ठेवलेला वाडगा धुतला होता. एवढीच गोष्ट. ती मी एका दिवाळी अंकाला पाठवली. मराठीत ही दिवाळी अंकांची चाल १९०९पासून आहे, आणि रहस्यकथेला अजूनही तिथंच पहिली जागा मिळते. संपादकांचा फोन आला: गोष्ट घेतो, पण तिसऱ्या परिच्छेदात काकू वाचकांना सल्ला देते तो काढा.

तो सल्ला काढताना मला या दोन्ही लिखाणांतला फरक हातानं चाचपता आला. आहाराच्या पुस्तकात महत्त्वाचं ते पहिल्या ओळीत लागतं, कारण वाचक दुसरी ओळ वाचेल याची खात्री नाही. रहस्यकथेत तीच माहिती पहिल्या ओळीत असली तरी चालते, पण ती तिथं काहीतरी दुसरंच काम करत असल्यासारखी दिसायला हवी. लपवलेली असता कामा नये. शेवटी वाचकानं मागची पानं उलटली तर ती तिथं, डोळ्यांसमोर सापडली पाहिजे. नाही सापडली तर मी त्याला फसवलं. आणि ताटात काय होतं ते लिहिलं की माहिती आपोआप बसते, कारण जेवणाचं वर्णन कोणी संशयानं वाचत नाही.

कादंबरीचा बेत लाखोळीवरून, म्हणजे लाखेच्या डाळीवरून, सुचला. पूर्व विदर्भात धान कापायच्या आधी, उभ्या पिकातच, जमिनीतल्या ओलीवर लाखोळी पेरतात. पाणी लागत नाही, मशागत लागत नाही, दुष्काळातही येते. त्यामुळेच ती गरिबाची डाळ, आणि त्यामुळेच वाईट. तिच्यात बीटा-ओडॅप नावाचं द्रव्य असतं. दुसरं अन्न नसताना महिनोन्‌महिने मुख्य जेवण म्हणून तीच खाल्ली, तर पायांतली ताकद जाते आणि ती परत येत नाही. १९६१ साली केंद्र सरकारनं तिच्या विक्रीवर बंदी आणली. तूरडाळीत आणि बेसनात तिची भेसळ होते हे आम्हाला शिकवलं जातं.

तिच्याबद्दल शोधताना विल्यम स्लीमन भेटला. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो, तोच इंग्रज अधिकारी. १८४४ साली छापलेल्या आठवणींत त्यानं आताच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागातल्या खेड्यांबद्दल लिहिलंय: गहू ओळीनं काही वर्षं बुडाला, लोक या डाळीवर जगले, आणि मग तरुण माणसं कमरेखाली लुळी पडायला लागली. वाटसरूंना धोतऱ्याचं बी खायला घालून लुटणाऱ्यांच्या मागावर फिरलेला हा माणूस, आणि इथं त्याच्यासमोर आख्खी गावं पांगळी होतायत आणि गुन्हेगार कोणीच नाही, फक्त डाळ आहे. ते वाचल्यावर रात्री मला झोप आली नाही. माझं पुस्तक तिथं ठरलं.

ते कसं, तर डिसेंबरात, हिवाळी अधिवेशनाच्या गर्दीत, इतवारीतला एक व्यापारी रात्री जेवून झोपतो आणि सकाळी उठत नाही. त्याच्या गोदामात लाखोळी मिसळलेलं बेसन सापडलेलं असतं, म्हणून सगळे म्हणतात त्याच्याच मालानं त्याला खाल्लं. वर्तमानपत्रांना हे फार आवडतं. मेसवाली काकू तेवढी म्हणते, एका रात्रीच्या झुणक्यानं लाखोळी कोणाला मारत नाही, ती पायांवर येते आणि तिला महिने लागतात. मग त्याला मारलं कशानं? ते इथं सांगणार नाही.

एक नियम मी सुरुवातीलाच घालून घेतला. खऱ्या विषाचं प्रमाण, ते कुठं मिळतं, कसं द्यायचं, यातलं काही पुस्तकात येणार नाही. वाचकाला रहस्य कळायला हवं, कृती नाही. एका तरुण लेखकानं मला सांगितलं की त्यानं गोष्ट कमकुवत होते. मला तसं वाटत नाही. कुणाला संधी होती, कोण स्वयंपाकघरात कधी होतं, कोणाला माहीत होतं की त्याला रात्री औषध घ्यावं लागतं, एवढ्यावर गोष्ट चालते. मिलीग्रॅमवर ती चालत नाही.

पोलिसांचं मला काहीच ठाऊक नव्हतं. पण माझ्या पेशंटांत एक निवृत्त फौजदार होते, साखर आणि रक्तदाब दोन्ही. त्यांना हस्तलिखित दिलं. फौजदार काकांनी ते लाल पेनानं रंगवून आणलं. पंचनाम्याला पंच दाखवले नव्हते, ते घालायला लावले. शवविच्छेदनानंतर जठर-यकृताचे तुकडे, म्हणजे व्हिसेरा, रासायनिक तपासणीसाठी मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवून जातात, हे त्यांच्याकडून कळलं. दिवसाला पाच ग्रॅमच्या वर मीठ नको म्हणून मी ज्यांच्या मागे लागले होते, ते गृहस्थ मला हे अगदी चवीनं समजावत होते. प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा नागपुरातच आहे, त्यामुळे माझा व्हिसेरा तरी गावाबाहेर गेला नाही. मात्र कादंबरीत त्याचा अहवाल दोनच प्रकरणांनी हातात येतो, हे वाचून ते मोठ्यानं हसले.

त्यांचा सगळ्यात मोलाचा शेरा होता इन्स्पेक्टरबद्दल. ‘तुमचा इन्स्पेक्टर लय बोलून राहिला मॅडम. बोलायचं काम दुसऱ्याचं. आपण चूप बसायचं, मंग तो बोलतेच.’ म्हणजे डाएट रिकॉलचा पहिला टप्पा. मी त्यांना तसं सांगितलं. ते खूश झाले. त्याच भेटीत, उठताना, चप्पल घालता घालता, रोज संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडल्यावर ते समोसा खातात हेही बाहेर आलं. हे मी फक्त चूप बसून मिळवलं.

कायद्यानं एक वेगळीच अडचण केली. मी लिहायला लागले तेव्हा खुनाला तीनशे दोन होतं. वाचकाला ते वकिलाशिवाय कळतं, सिनेमे बघून पाठ झालंय. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली आणि खून कलम १०३मध्ये गेला. अकस्मात मृत्यूची चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४वरून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४वर गेली. फौजदार काका म्हणाले, एकशे तीन म्हटलं तर वाचणाऱ्याला काही धसका बसणार नाही. म्हणून गोष्ट डिसेंबर २०२३मध्ये नेली. एक पान बदलायचं तर त्यासोबत मोबाइल, थंडी, अधिवेशनाच्या तारखा सगळंच त्या वर्षाचं करावं लागलं.

छापण्याचं सांगायला फार नाही. मराठी पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मात मोजतात, त्यामुळे चार पानं जास्त झाली की एकतर ती कापायची नाहीतर बारा कोरी सोडायची. आहाराच्या पुस्तकात पाककृती कापल्या, कादंबरीत एक प्रेमप्रकरण कापलं; दोन्हीचं कोणाला दुःख झालं नाही. युनिकोडमधून डीटीपीच्या फॉन्टमध्ये मजकूर नेताना पहिल्या प्रूफात अर्ध्याचं चिन्ह सगळीकडे उडालं आणि ‘½ चमचा मीठ’चं नुसतं ‘चमचा मीठ’ झालं. त्यानंतर पुस्तकभर ‘अर्धा’ अक्षरात. कादंबरीत असं काही उडालं तर वाचक चिडतो. आहाराच्या पुस्तकात उडालं तर त्याचा रक्तदाब वाढतो.

दोन्ही पुस्तकांची प्रूफं एकाच मुद्रितशोधक काकांनी वाचली. सदाशिव पेठी शुद्धलेखनाचे, पण नागपूरच्या महाल भागातले. कादंबरीचं पाचवं प्रकरण वाचून त्यांनी खुनी कोण ते सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. कशावरून, असं विचारलं तर म्हणाले, ‘बाई, बाकीच्यांना तुम्ही नुसतं जेवायला बसवलंत. याच्या ताटात काय काय होतं ते तुम्ही मन लावून लिहिलंय.’ मग मी आणखी तिघांची ताटं तितकीच मन लावून लिहिली. त्यातल्या एकाचं तर इतकं, की पाटोडीच्या त्या वर्णनावर पत्रं आली आणि खुनाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

नावाचा प्रश्न शेवटपर्यंत अडला होता. कादंबरीच्या प्रकाशकांचं म्हणणं, टोपणनाव घ्या. रहस्यकथेचा वाचक आहारतज्ज्ञ बाईचं पुस्तक उचलणार नाही. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, टोपणनाव घ्या, पेशंट काय म्हणतील. घरी सासूबाई म्हणाल्या, ‘लपवायचं होतं तर लिहिलं कशाला?’ मला ते पटलं. शिवाय टोपणनाव घेतलं असतं तर पुस्तकाच्या कार्यक्रमाला मी कोण म्हणून जाणार होते?

ग्रंथपालांना मात्र त्याचा ताप झाला. मराठी पुस्तकाचा मोठा गिऱ्हाईक अजूनही सार्वजनिक वाचनालय आहे, आणि तिथं कपाटं ड्यूई दशांश पद्धतीनं लावलेली. आहारशास्त्र ६१३.२, मराठी कादंबरी ८९१.४६३. मधे आख्खी कला, खेळ आणि जगभरचं साहित्य. एका वाचनालयातल्या बाईंनी मला सांगितलं की एक आजोबा दर आठवड्याला येतात, लेखिकेचं नाव सांगतात, आणि आहाराचं पुस्तक दिलं की ‘हे नव्हे, ते मारामारीचं’ म्हणून परत करतात. सुनेला आहाराचं हवं असतं. एकाच कार्डावर दोघांचं भांडण चालू आहे.

दवाखान्यात झालेला बदल मला अपेक्षित नव्हता. लोक जास्त खरं सांगायला लागलेत. ज्यांनी कादंबरी वाचली ते खोलीत येऊन बसतात आणि मी विचारायच्या आत म्हणतात, ‘तेलाचा डबा वीस दिवस पुरते, मॅडम, लिहून घ्या.’ एकीनं तर घरातल्या सगळ्यांच्या जबान्या वेगवेगळ्या कागदावर लिहून आणल्या. नवऱ्याची आणि मुलाची जुळत नव्हती. दोघांनी मिळून कुठंतरी सावजी खाल्लं होतं, एवढं तिनं स्वतःच शोधून काढलं होतं, फक्त कुठल्या चौकात ते राहिलं होतं.

दुसरी कादंबरी अर्ध्यावर आहे. तिची घटना भंडाऱ्याच्या बाजूला, एका राइस मिलमध्ये घडते. आहाराच्या पुस्तकाची नवी आवृत्ती त्याआधी निघायची आहे, कारण २०२४ साली पोषण संस्थेनं आहाराची मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली आणि त्यानुसार काही प्रकरणं बदलायला हवीत. मधल्या काळात कादंबरीच्या प्रकाशकांनी एक नवी कल्पना काढली आहे: पुढच्या पुस्तकाच्या शेवटी पाच-सहा पाककृती द्या, म्हणजे दोन्ही वाचकवर्ग एकत्र येतील. मी सांगितलं, पाटोडीच्या रश्श्याची देते, पण शेवटी नाही, नवव्या प्रकरणात, कारण ती पुरावा आहे आणि तिच्यात एक जिन्नस कमी आहे. ते विचार करून कळवतो म्हणालेत.